ऑटोक्लेव्हमध्ये गेलेले जिवंत दगड

पुटपुटीला पुटपुटी म्हणायचं कारण एवढंच, की आठवीपर्यंत ती जे काही बोलायची ते फक्त तिच्या स्वतःच्या हनुवटीला ऐकू जायचं. मग नववीत शाळेच्या वादविवाद स्पर्धेत आयत्या वेळी कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि हिने समोरच्या संघाचा असा काही भुगा केला की परीक्षकांना टाळ्या वाजवायला हातातले कागद खाली ठेवावे लागले. त्या दिवशी जे धरण फुटलं ते फुटलंच. आता ती दूधवाल्याशीसुद्धा मुद्देसूद बोलायची. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा आणि समारोप. नाव मात्र पुटपुटीच राहिलं. घरातली नावं वस्तुस्थिती बघून बदलत नाहीत.

तिचे बाबा दातांचे डॉक्टर. घराच्या खालीच दवाखाना. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, प्लास्टिकचं असूनही सुकल्यासारखं दिसणारं एक झाड, आणि आतून येणारा ड्रिलचा आवाज. तो आवाज ऐकून लोक पळून जायचे. अगदी खरंखुरं पळून. गेल्याच महिन्यात एक धिप्पाड ट्रकचालक, ज्याच्या मिशीला आख्खा रस्ता घाबरत असेल, "जरा गाडी नीट लावलीय का बघून येतो," म्हणून बाहेर पडला, तो अजून गाडीच बघत होता.

यावर उपाय म्हणून बाबांनी एक भलामोठा स्क्रीन विकत आणला. त्यावर दिवसभर दात कसे घासावेत याची फिल्म लावायची. खोका कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याच्यासमोर पुटपुटी उभी राहिली.

"बाबा, पहिला मुद्दा. माणूस आधीच घाबरलेला आहे. त्याला तुम्ही किडलेली दाढ भिंतीएवढी करून दाखवणार?"

"मग काय दाखवू? बाग?"

"समुद्र," पुटपुटी म्हणाली.

खाऱ्या पाण्याची टाकी. आत दगडांची रास, त्यातून ये-जा करणारा नारिंगी मासा, वर निळा दिवा. ती तासभर बोलली. दुसऱ्या मुद्द्यापाशी बाबांचा चहा गार झाला आणि समारोपापर्यंत बाबा.

"बरं," ते म्हणाले. "टाकी आणू. पण सगळं तुझ्या जबाबदारीवर. सहा आठवडे. सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी त्या भिंतीपाशी मासा पोहताना दिसला तर टाकी राहील. नाही दिसला, तर टाकी जाईल आणि स्क्रीन लागेल. अट मान्य?"

"मान्य!"

पुटपुटीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आख्खी भिंत दिली होती. ती घालवायची नव्हती.

टाकी आली, खारं पाणी तयार झालं आणि प्रश्न येऊन ठेपला दगडांवर. समुद्री टाक्यांचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे खारे काका म्हणायचे, कारण त्यांच्या दुकानात गोडं पाणी फक्त त्यांच्या पिण्याच्या बाटलीत असायचं. त्यांनी पुटपुटीपुढे दोन दगड ठेवले. एक पांढरा, खडखडीत, भोकाभोकांचा, जणू शिळा पाव. दुसरा ओला, जांभळट, शेवाळलेला, आणि कान देऊन ऐकलं तर चक्क टिकटिक करणारा.

"हा कोरडा आणि हा जिवंत," खारे काका म्हणाले. "मासा घाण करतो, घाणीचा अमोनिया होतो, अमोनियाने मासा मरतो. ती घाण खाणारे जिवाणू या जिवंत दगडाच्या भोकाभोकांत आधीच राहायला आहेत. टाकी महिन्याभरात तयार. कोरड्यात कुणीच राहत नाही. जिवाणू येणार, संसार मांडणार, दोन-अडीच महिने धरून चाला."

"मग कोरडा घेतं कोण?"

"शहाणी माणसं. जिवंत दगडात फक्त जिवाणू येतात असं नाही, वकीलबाई. किडे येतात, शेवाळं येतं, एखादा हातभर लांब अळीबाईंचा नमुनाही येतो. बिऱ्हाडासकट घर घेतल्यासारखं आहे ते. आत कोण कोण आहे हे राहायला लागल्यावर कळतं."

त्या दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हते आणि स्टीलच्या टेबलाभोवती सभा भरली. विरोधी पक्षात एकच सभासद, पण भारी. सिस्टर. वीस वर्षं त्या बाबांच्या दवाखान्यात होत्या आणि जंतू या विषयाशी त्यांचं वैयक्तिक वैर होतं. त्या बाजारातून आणलेल्या पेनालाही आधी स्पिरिटने पुसायच्या.

"कोरडा," सिस्टर म्हणाल्या. "दवाखाना आहे हा. जिवंत म्हणे! उद्या कुणी जिवंत कापूस आणेल."

"सिस्टर, कोरड्याला अडीच महिने लागतात. आपल्याकडे आहेत पाच आठवडे."

"आणि त्यातून किडा निघाला तर?"

"नाही निघणार."

"निघाला तर?"

आता इथे पुटपुटीने थांबायला हवं होतं. पण भरात आलेला वक्ता आणि उतारावरची सायकल दोघांनाही ब्रेक उशिराच आठवतो. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "त्या दगडांतून एकही नको असलेला प्राणी या दवाखान्यात येणार नाही. मी स्वतः टॉर्च लावून एकेक भोक तपासून घेईन. माझा शब्द!"

बाबांनी सिस्टरकडे पाहिलं, पुटपुटीकडे पाहिलं आणि जिवंत दगडांच्या बाजूने मत दिलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तर असू दे." आणि त्यांनी असं कपाट बंद केलं की आतल्या बरण्या दचकल्या.

पुटपुटीने खरोखरच दुकानात दोन तास टॉर्च लावून एकेक भोक तपासलं. खारे काका म्हणाले, इतकं तर लोक मुलासाठी स्थळही तपासत नाहीत. मोठे सात दगड आणि वर मुठीएवढा एक तुकडा असे तिने निवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या अर्धा तास आधी, ओल्या कागदांत गुंडाळलेले दगड दवाखान्यात आले. सिस्टर अजून यायच्या होत्या. पुटपुटीने पहिला हात घातला तो मुठीएवढ्या तुकड्याला. कागद सोडला. तुकड्याच्या भोकातून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

डोळ्यांच्या खाली दोन नांग्या होत्या. नांग्यांच्या मागे नखाएवढा, केसाळ, तपकिरी खेकडा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की दार न वाजवता आत कसे आलात?

पुटपुटीच्या तोंडचं पाणी पळालं. फेकून द्यावं, तर तो जिवंत. ठेवावं, तर काल टेबलावर आपटलेला शब्द. तिने बाकीचे दगड कागदासकट स्टीलच्या टेबलावर ठेवले, टाकीतलं पाणी एका बादलीत काढलं, जास्तीचा छोटा पंप त्यात सोडला, खेकड्यासह तुकडा आत ठेवला आणि ती बादली एक्स-रेच्या खोलीत, मोडक्या खुर्चीच्या मागे, वर जुना पडदा टाकून लपवली. या सगळ्यात शाळेची वेळ झाली. दगड संध्याकाळी टाकीत मांडू, म्हणत ती धावत सुटली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा दवाखान्याला वास येत होता. भरतीने विसरून गेलेल्या समुद्राला कुणीतरी कुकरमध्ये शिट्ट्या दिल्यासारखा वास. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, आणि सिस्टर दारातच उभ्या होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या हसत होत्या.

"ये ये," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी गंमत केलीय."

स्टीलच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, स्वच्छ हिरव्या कापडावर, सात दगड एका ओळीत मांडलेले होते. करड्या रंगाचे. कोरडे. अजून कोमट.

"मी म्हटलं, डॉक्टरांनी हो म्हटलंय ना, मग आपणही मनात अढी ठेवू नये," सिस्टर सांगत होत्या. "ऑटोक्लेव्हला लावले. दोनदा लावले हं! पहिल्यांदा वास गेला नाही म्हणून."

ऑटोक्लेव्ह म्हणजे दवाखान्यातला प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. दातांची अवजारं त्यात वाफेवर अशी काढतात की एक जंतूही वाचत नाही. एकही नाही. तेच तर त्याचं काम.

"सिस्टर," पुटपुटी म्हणाली, "ते जिवंत होते."

"होते ना! केवढाले किडे होते, बाई! आता बघ. एक नाही."

यानंतर पुटपुटी जे बोलली ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मुद्दे पुष्कळ होते. तुम्ही मुद्दाम केलंत, हा पहिला. तुम्हाला कोरडेच हवे होते, हा दुसरा. तिसऱ्यापाशी सिस्टरचं हसू मावळलं. त्यांनी फक्त टेबलाकडे बोट दाखवलं.

त्या टेबलाचा एक नियम होता आणि तो पुटपुटीला चालायला लागल्यापासून पाठ होता. डावीकडे स्वच्छ. उजवीकडे ठेवलेलं सगळं, काहीही असो, कुणाचंही असो, ऑटोक्लेव्हमध्ये जातं. विचारायचं नाही, थांबायचं नाही. एकदा बाबांनी विसरून स्वतःचा चष्मा उजवीकडे ठेवला होता. तो चष्मा अजून घरात आहे, पण त्यातून फक्त शेजारचं घर दिसतं, तेही वाकडं.

"कुठे ठेवले होतेस दगड?" सिस्टरनी हळूच विचारलं.

पुटपुटीला आठवलं. हातात खेकडा. डोक्यात घड्याळ. डावीकडे बाबांचा चहाचा ट्रे.

"उजवीकडे," ती पुटपुटली. हो, पुटपुटली. दीड वर्षांनी.

बाबांनी खारे काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. झाला प्रकार त्यांना सांगितला.

"जिवंत दगड वाफवले?" खारे काका म्हणाले. "अहो, जिवंत दगड कधी तापवायचा नसतो! काही दगडांवर अशा जिनसा असतात की त्यांच्या वाफेने माणूस थेट हॉस्पिटलात जातो. नशीब थोर तुमचं. कुणाला मळमळ, श्वासाचा त्रास, डोळ्यांची आग?"

"मला फक्त वास आला," सिस्टर म्हणाल्या. "मास्क होता. मी झोपतेही मास्क लावून."

"मग आता?" बाबांनी विचारलं.

"आता तुमच्याकडे गावातले सर्वात स्वच्छ कोरडे दगड आहेत. अडीच महिने थांबा. एखादा छोटासा जरी जिवंत तुकडा उरला असता ना, तर गोष्ट वेगळी होती. विरजणासारखं असतं ते. चमचाभर दही लावलं की भांडंभर दुधाचं दही होतं. तसा एक तुकडा मधोमध ठेवला की जिवाणू बाकीच्या दगडांत पसरतात. पण उरलंच नसेल, तर..."

 आणि तेवढ्यात, एक्स-रेच्या खोलीतून, छोट्या पंपाचा आवाज आला. गुर्र्र्र.

दगडाखाली हात सापडणं म्हणजे काय, हे पुटपुटीला मराठीच्या तासाला समजलं नव्हतं. ते आत्ता समजलं. गप्प बसलं तर शब्द राहतो आणि भिंत जाते. बोललं तर भिंत कदाचित राहील, पण काल टेबलावर हात आपटून दिलेला शब्द सगळ्यांसमोर आडवा.

ती आत गेली आणि बादली घेऊन आली. "एक तुकडा उरलाय," ती म्हणाली. "मी लपवला होता. कारण त्यात एक... राहतोय."

सिस्टरनी वाकून पाहिलं. खेकड्याने वर पाहिलं. दोघांनाही एकमेकांबद्दल जे वाटायचं ते वाटलं.

"किडा नाही हा," सिस्टर सरळ होत म्हणाल्या. "हा तर किड्याचा बाप."

पुटपुटीने मान खाली घातली. "माझं चुकलं. तपासणीतही, शब्दातही आणि उजवीकडेही. आणि तुम्हाला मुद्दाम केलंत म्हटलं, ते सगळ्यात जास्त."

तीनच वाक्यं. मुद्द्यांना क्रमांकही नव्हते. सिस्टरनी पदराला, म्हणजे पांढऱ्या कोटाच्या टोकाला, हात पुसले आणि म्हणाल्या, "रविवारी ये. त्या दगडांच्या भोकांत मेलेले किडे अडकलेत, ते काढावे लागतील. सडले तर पाणी नासेल."

त्या रविवारी दवाखान्यात जे घडलं ते दंतवैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. सात दगड, तीन माणसं, तिघांना मास्क आणि हातमोजे. सिस्टर जुन्या टूथब्रशने घासत होत्या. "वरून खाली, वरून खाली," असं दगडाला समजावतही होत्या. बाबांनी पहिला दगड सरळ पेशंटच्या खुर्चीत ठेवला, वरचा दिवा लावला आणि बारीक सुई भोकात घालून अळी ओढून काढली.

"रूट कॅनाल," ते खूश होऊन म्हणाले. "आणि पेशंट हूं की चूं करत नाही. सगळे असे असते तर!"

मग दगड टाकीत रचले आणि मधोमध विरजणाचा तुकडा बसवला, खेकड्यासकट. तो त्यातून बाहेर यायला तयारच नव्हता. बाबांनी चिमटा घेऊन चार वेळा प्रयत्न केला, खेकड्याने चिमटाच धरला. कवळी सैल झाली म्हणून दर मंगळवारी येणारे आजोबा टाकी बघायला रविवारीच आले होते आणि काचेला नाक लावून बघत होते. ते म्हणाले, "डॉक्टर, ही अक्कलदाढ आहे. न बोलावता आली, कोपऱ्यात बसली, आणि काढायला गेलात तर सगळ्यांचा जीव काढेल. राहू द्या."

झालं. खेकड्याचं नाव अक्कलदाढ पडलं.

पुटपुटी रोज टाकीतलं पाणी वर घरी नेऊन नळ्यांत घालायची, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून रंग बघायची आणि वहीत लिहायची. आधी अमोनिया हिरवागार चढला. मग हळूहळू उतरला, आणि पाचव्या आठवड्यात नळी पिवळी झाली. पिवळी म्हणजे अमोनिया शून्य! पुटपुटी इतकी नाचली की खाली पेशंटला वाटलं वर भूकंप झाला. पण जिवाणूंनी अमोनिया खाल्ला की त्याचं नायट्राइट होतं, आणि तेही माशाला विषच. ते खाणारे जिवाणू वेगळे असतात आणि ते लग्नाला उशिरा येणाऱ्या नातेवाइकांसारखे सगळ्यात शेवटी येतात. नायट्राइटची नळी निळी हवी. ती जांभळी होती.

सहाव्या आठवड्याचा शुक्रवार उजाडला. संध्याकाळी दवाखाना भरलेला. आणि बघा नशीब, गाडी बघायला गेलेला तो ट्रकचालकही परत आला होता, एक गाल टोमॅटोसारखा सुजवून. बाबा आतून बाहेर आले. पुटपुटीने नळी दिव्यापुढे धरली.

जांभळी. ताज्या वांग्यासारखी.

"किती दिवस अजून?" बाबांनी विचारलं.

"दोन आठवडे. कदाचित तीन."

सिस्टर तिच्या कानाशी आल्या. "अगं, एक मासा सोड की! मी आत्ता खारे काकांकडे जाऊन पिशवीतून घेऊन येते, हवं तर नाव खोटं सांगते. तासभर पोहला की अट पुरी. मग काढून परत देऊ."

पुटपुटीने टाकीकडे पाहिलं. स्वच्छ पाणी, निळा दिवा, बघणाऱ्याला वाटावं सगळं तयार आहे. तासाभरात मासा मरणार नव्हता कदाचित. पण त्याला श्वास घेताना काय होईल हे त्या नळीत लिहिलेलं होतं, आणि ते वाचता येणारी त्या खोलीत ती एकटीच होती. बोलण्यासारखे मुद्दे डोक्यात पाच तरी तयार होते. तिने एकही काढला नाही.

"नाही," ती म्हणाली. "तयार नाहीये."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. चांगला चष्मा, वाकडा नव्हे. "अट म्हणजे अट," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातला स्क्रीनचा खोका उचलून भिंतीपाशी आणू लागले. 

"अहो डॉक्टर!" कवळीवाले आजोबा ओरडले. "तो खोका बाजूला करा, दिसत नाहीये!"

"काय दिसत नाहीये?"

"श्शू!" हे ट्रकचालकाने केलं, आणि तेही डॉक्टरला. "तो बाहेर येतोय."

टाकीत मधोमध, विरजणाच्या तुकड्यातून, एक केसाळ नांगी बाहेर आली. मग दुसरी. अक्कलदाढ संध्याकाळी फेरफटका मारायची हे पुटपुटीला माहीत होतं. पण सहाच्या सहा खुर्च्या काचेला येऊन चिकटल्यात, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. खेकड्याने शेजारच्या दगडावरून, म्हणजे बाबांनी रूट कॅनाल केलेल्या दगडावरून, शेवाळाचा एक केस उपटला आणि दोन्ही हातांनी खाल्ला.

"चावतोय बघा कसा," आजोबा हेव्याने म्हणाले. "स्वतःचे असते तर मीही..."

आत बाबांच्या हाताखालच्या मदतनीस बाईंनी तपासण्यासाठी ड्रिल सुरू केलं. तोच तो आवाज. पुटपुटीने सवयीने दाराकडे पाहिलं. दाराकडे कुणीच धावत नव्हतं.

"नेक्स्ट," बाबा म्हणाले.

कुणी हललं नाही.

"नेक्स्ट! ट्रकवाले, तुमचा नंबर."

"थांबा हो डॉक्टर, एक मिनिट," ट्रकचालक मान न वळवता म्हणाला. "डावीकडच्या भोकात जातोय की उजवीकडच्या, एवढं बघून येतो."

"डावीकडच्या," सिस्टर लगेच म्हणाल्या. "उजवीकडे जायचं नसतं, हे त्यालाही कळतं."

बाबा खोका छातीशी धरून उभे होते. त्यांनी टाकी पाहिली, लोक पाहिले, हातात जांभळी नळी धरून उभी असलेली मुलगी पाहिली. मग त्यांनी खोका खाली ठेवला. भिंतीपाशी नाही, टाकीच्या समोर, आडवा. आजोबांचे गुडघे दुखत होते, ते लगेच त्यावर बसले आणि त्यांनी सरकून ट्रकचालकाला जागा करून दिली.

"मासा कधी?" बाबांनी पुटपुटीला हळूच विचारलं.

"तीन आठवड्यांनी नळी निळी होईल. पण खारे काका म्हणतात, असा खेकडा मोठा झाला की मासा खातो. म्हणजे एकतर मासा, नाहीतर अक्कलदाढ."

हे ऐकून खोक्यावरची दोघं आणि खुर्च्यांवरची चौघं एकदम वळली.

"मासा कशाला हवाय?" ट्रकचालकाने सुजलेल्या गालावर हात ठेवून विचारलं, आणि मिशीवरून हात फिरवत, जणू गाडी पार्क करून आलाय असा, आपण होऊन आत चालू लागला. "डॉक्टर, तेवढं दार उघडं ठेवा. खुर्चीतून दिसतं का बघू."